वाचकांचे प्रश्न : बाजारपेठ, मैदान आणि नवे स्टेडियम

प्रश्न : मी ६३ वर्षांचा निवृत्त कर्मचारी असून टिळकवाडीत राहतो. सकाळी मैदानावर फेऱ्या मारून झाल्यावर आम्ही सातआठ जण कट्ट्यावर बसतो. गेले काही महिने तिथे एकच विषय आहे. जुनी बाजारपेठ पाडून बहुमजली व्यापारी संकुले उभारावीत, गावाच्या मध्यावर एखाद्या मैदानात मोठे स्टेडियम बांधावे, म्हणजे बाहेरचे लोक येतील, व्यापार वाढेल आणि बेळगावचे नाव होईल, असे बहुतेकांचे म्हणणे आहे. मुलगा पुण्यात नोकरीला आहे. असे काही झाल्याशिवाय तरुण मुले परत येणार नाहीत, असे तोही म्हणतो. मला हे मनातून पटत नाही, पण का पटत नाही ते चारचौघांत मांडता येत नाही. एक रहिवासी म्हणून आपले मत काय?
— एक वाचक, टिळकवाडी

उत्तर : बाजारपेठ आणि स्टेडियम हे दोन विषय एका दमात बोलले जातात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. बाजार रोज चालतो. स्टेडियम सामन्याच्या दिवशी चालते. बाजारातल्या गैरसोयी खऱ्या आहेत, त्या रोजच्या आहेत आणि त्यांवर पैसा खर्च व्हायलाच हवा. पण त्या गैरसोयींच्या आडून स्टेडियमची मागणी पुढे केली जाते आणि 'स्टेडियम आले की बाजारही चालेल' असे सांगून दोन्ही खर्च एकाच आशेला टांगले जातात. म्हणून दोन्हींविषयी वेगवेगळे बोलतो.

क्रिकेटचे उत्तम मैदान आपल्याकडे आहे. ऑटोनगरमधील राज्य क्रिकेट संघटनेच्या मैदानावर २०१९ च्या मे-जूनमध्ये भारत 'अ' आणि श्रीलंका 'अ' यांचे सामने झाले आणि तिथे ऋतुराज गायकवाडने नाबाद १८७ धावा केल्या, हे आपल्या कट्ट्यावरच्या मंडळींना आठवत असेल. त्या दिवसांत खडेबाजारात किंवा मारुती गल्लीत गिऱ्हाईक वाढल्याचे मला एकाही ओळखीच्या दुकानदाराने सांगितले नाही. त्यात नवल नाही. सामना पाहायला आलेला माणूस गाडी लावतो, आत खातोपितो आणि सामना संपला की घर गाठतो. अमेरिकेत सार्वजनिक पैशातून पुष्कळ स्टेडियमे बांधली गेली. तिथल्या रॉजर नॉल आणि अँड्र्यू झिम्बालिस्ट या अर्थशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात त्यांचा हिशेब तपासला, तेव्हा शहराने घातलेल्या पैशाच्या मानाने शहराला मिळालेला लाभ फारच थोडा निघाला. कारण साधे आहे. घरातला करमणुकीचा पैसा ठरलेला असतो. तो तिकिटाला गेला की हॉटेलात किंवा नाटकाला जात नाही. पैसा गावातच फिरतो, फक्त खिसा बदलतो.

आता आपल्या गावापुरता हिशेब करून पाहू. समजा, स्टेडियमला १०० कोटी लागले आणि ते ८ टक्के व्याजाने उभे केले, तर नुसते व्याज वर्षाला ८ कोटी, म्हणजे दिवसाला सुमारे २ लाख २० हजार रुपये होते. सामना असो वा नसो, पाऊस असो वा ऊन, हा आकडा रोज चढत राहतो, आणि त्यात गवत, दिवे, रखवालदार, रंगकाम धरलेले नाही. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हे चार महिने पावसाचे. उरलेल्या आठ महिन्यांत तिकीट काढून पाहावेत असे किती सामने इथे होतील, याचे उत्तर कोणी कागदावर लिहून सही करून दिले, तर मी माझे मत पुन्हा तपासायला तयार आहे. माँट्रियल शहराने १९७६ च्या ऑलिम्पिकसाठी बांधलेल्या स्टेडियमचे कर्ज २००६ साली फिटले. तीस वर्षे तिथले लोक ते फेडत होते, आणि ते शहर आपल्यापेक्षा कितीतरी श्रीमंत आहे.

गर्दीचा विचार तर याहून गंभीर आहे. ४ जून २०२५ रोजी बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर विजयोत्सवाच्या गर्दीत ११ माणसे चेंगरून गेली. ते स्टेडियम भर शहरात आहे, पण त्याच्या भोवतीचे रस्ते आपल्या रस्त्यांपेक्षा पुष्कळ रुंद आहेत. आपल्याकडे दुसऱ्या रेल्वे गेटवर गाडी आली की काँग्रेस रोडला वाहनांची रांग लागते आणि गेट उघडल्यावर दोन्ही बाजूंच्या दुचाक्या समोरासमोर येऊन अडतात. हे आपण रोज पाहता. तिथे एका तासात वीस हजार माणसे बाहेर काढायची झाली, तर ती कुठून काढणार? शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत एवढी आणि याहून मोठी गर्दी होते, हे खरे आहे. परंतु ती गर्दी रात्रभर पसरलेली असते, सरकत असते आणि तिला प्रत्येक गल्लीतून बाहेर पडता येते. एकाच वेळी चार दरवाजांतून सुटलेल्या गर्दीचे तसे नसते.

मैदानाच्या पोटातल्या पाण्याचाही विचार करावा लागतो. उघडे मैदान पावसाचे पाणी पिते. त्याच्याभोवती काँक्रीटची कडी, वाहनतळ आणि दुकानांची माळ उभी राहिली की तेच पाणी गटारात आणि गटारातून नाल्यात जाते. बळ्ळारी नाल्याला पूर आला की शहापूर, वडगाव आणि येळ्ळूर शिवारातले भाताचे पीक दिवसचे दिवस पाण्याखाली राहते, हे दरवर्षीचे दुखणे आहे. गावात ओतलेल्या काँक्रीटची किंमत शिवारात मोजली जाते, आणि ती मोजणाऱ्याला स्टेडियमचे तिकीट परवडत नाही.

मैदान आज कोण वापरते? सरदार्स मैदानावर सकाळी सहाला गेलात तर एका कोपऱ्यात टेनिस बॉलचा सराव, दुसऱ्या कोपऱ्यात पोलीस भरतीची तयारी करणारी मुले, कडेने चालणारी वयस्क जोडपी, आणि मधेच घड्याळ लावून धावणारी एखादी खेड्यातली मुलगी दिसते. मी मागे एका रविवारी वही घेऊन बसलो होतो. सहा ते आठ या दोन तासांत दोनशेच्या पुढे मोजणे मी सोडून दिले. यांपैकी कोणी तिकीट काढलेले नव्हते, कोणाकडे सदस्यत्वाचे कार्ड नव्हते. स्टेडियमला कुंपण येते, कुंपणाला दरवाजा येतो आणि दरवाजावर माणूस बसतो. ही दोनशे माणसे त्या दिवसापासून जाणार कुठे, हा प्रश्न कट्ट्यावर विचारून पाहा. त्यांत आपणही असाल.

मी खेळावर खर्च करू नका असे म्हणत नाही. तुरमुरीच्या मलप्रभा जाधव हिने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराश या कुस्तीसारख्या खेळात कांस्यपदक आणले. तिच्या खेळाला वीस हजार आसनांची गॅलरी लागत नाही. मॅट लागते, प्रशिक्षक लागतो, वसतिगृहात दोन वेळचे सकस जेवण लागते. आनंदवाडीच्या आखाड्याची माती नीट ठेवायला, लेले मैदानाला पाण्याचा निचरा करून द्यायला, मुलींना कपडे बदलण्यासाठी खोल्या बांधायला, उपनगरांत चार लहान मैदाने राखायला जो पैसा लागेल, तो त्या १०० कोटींपुढे किरकोळ आहे आणि त्याचा उपयोग वर्षाचे सर्व दिवस होईल. उद्याने, क्रीडांगणे आणि मोकळ्या जागा यांच्या रक्षणासाठी कर्नाटकात १९८५ पासून स्वतंत्र कायदा आहे. मध्यवर्ती मैदानांपैकी कोणकोणती त्याखाली यादीत आहेत, ही माहिती नागरिकांनी मागवली पाहिजे.

बाजारपेठेविषयी माझे मत याच्या उलट आहे. तिथे काम व्हायलाच हवे. पण पाडकाम नको, दुरुस्ती हवी. गणपत गल्ली, खडेबाजार, रविवार पेठ, रामलिंगखिंड गल्ली या भागांना गटारे हवीत, लोंबणाऱ्या तारा जमिनीखाली जायला हव्यात, माल उतरवण्याच्या वेळा ठरायला हव्यात, आणि बायकांसाठी स्वच्छ शौचालये हवीत. दिवसभर बसून भाजी विकणाऱ्या, आणि शौचालय नाही म्हणून दिवसभर घोटभरच पाणी पिणाऱ्या बायका मी ओळखतो. त्यांच्यातल्या दोघींना त्यापायी मूत्रविकार जडला आहे. पुनर्विकासाच्या कोणत्याही रंगीत चित्रात ही गोष्ट मी पाहिलेली नाही. वाहने लावायला मात्र मजलेच हवेत, आणि ते बाजाराच्या कडेला हवेत, पोटात नकोत.

जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीसाठी निवडलेल्या पहिल्या २० शहरांत बेळगाव होते. केंद्राचे ५०० कोटी आणि तेवढाच राज्याचा वाटा, अशी ती योजना होती, आणि ३१ मार्च २०२५ रोजी ती संपली. त्यातले काही रस्ते चांगले झाले, बसस्थानके नवी झाली. पण कामे वर्षानुवर्षे चालली आणि त्या काळात ज्यांचा धंदा बसला त्यांचा हिशेब कुठेच लागला नाही. माझ्या घरासमोरचा रस्ता एका कंत्राटदाराने तीनदा खोदला. पहिल्यांदा गटारासाठी, मग केबलसाठी, मग पहिल्या खोदाईत फुटलेली नळाची लाइन जोडण्यासाठी. कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीवाल्याने त्या पावसाळ्यात दळण बंद ठेवले ते पुन्हा सुरू केलेच नाही. आधी मोजायचे आणि मग खणायचे, एवढे जरी त्या अनुभवातून आपण घेतले असते तरी पुष्कळ होते.

आपल्या मुलाला एवढेच सांगा की, पुण्यातल्या तरुणाला परत आणते ती नोकरी. स्टेडियम बघायला तो सुट्टीत येईल आणि सोमवारी परत जाईल.

प्रश्न : बाजारपेठेत माझ्या आजोबांपासूनचे भाड्याचे दुकान आहे. मालकाने इमारत पाडून नवे संकुल बांधायचे ठरवले आहे आणि 'तुला आत गाळा देतो' असे तोंडी सांगितले आहे. आमचे संबंध घरोब्याचे आहेत. लेखी मागितले तर त्यांना वाईट वाटेल, असे वडील म्हणतात. काय करावे?
— एक दुकानदार, बेळगाव

उत्तर : लेखी मागा. मालक भला माणूस असेल तरी संकुल तो एकटा बांधणार नाही. त्यात विकासक येईल, बँक येईल, कदाचित मालकाच्या भावंडांचे हिस्से येतील, आणि तोंडी शब्द त्या सगळ्यांना बांधत नाही. कर्नाटक भाडे कायदा, १९९९ हा १४ चौरस मीटरपेक्षा मोठ्या व्यापारी गाळ्याला लागू होत नाही, म्हणून सर्वांत आधी आपल्या दुकानाचे माप घ्या. ते १४ चौरस मीटरच्या आत असेल तर तुमची बाजू एक आहे, बाहेर असेल तर दुसरी; आणि हे वकिलाकडे जाण्याआधी तुम्हाला ठाऊक असलेले बरे.

करारात 'गाळा देऊ' एवढेच शब्द असतील तर त्याला अर्थ नाही. कोणत्या मजल्यावर, रस्त्याच्या बाजूला की आतल्या बोळात, किती चौरस फूट, कोणत्या भाड्याने, आणि बांधकाम चालू असताना तुम्ही धंदा कुठे करायचा, हे सारे त्यात यावे आणि करार नोंदणीकृत असावा. मजल्याचा मुद्दा सोडू नका. आपल्या बाजारातले गिऱ्हाईक रस्त्यावरून चालता चालता थांबणारे आहे. ते जिना चढून बांगड्या किंवा सुतळी घ्यायला येत नाही. दुसऱ्या मजल्यावरचा नवाकोरा गाळा म्हणजे पुष्कळदा बंद शटर असते.

किल्ल्याजवळचा घाऊक भाजीबाजार एपीएमसी यार्डात हलवला गेला आणि त्यानंतर खासगी बाजाराचा वाद उभा राहून कित्येक वर्षे चिघळला, हे तुम्ही जवळून पाहिले असेल. कोणाची बाजू बरोबर, या वादात इथे शिरत नाही. पण बाजार उचलून दुसरीकडे ठेवला की तो तसाच चालत नाही, गिऱ्हाईक, हमाल, दलाल आणि टेम्पोवाला यांची बसलेली घडी विस्कटते आणि ती पुन्हा बसायला वर्षे लागतात, एवढे त्यातून सर्वांनाच कळले आहे. वडिलांना माझा नमस्कार सांगा आणि म्हणावे, घरोबा टिकावा म्हणूनच कागद करायचा असतो.

प्रश्न : आम्ही येळ्ळूरचे. आई गेली तीस वर्षे गणपत गल्लीत पालेभाजी विकते. रोजच्या भू-भाड्याच्या पावत्या आहेत, दुसरे काही नाही. रस्ता सुशोभित होणार म्हणून विक्रेत्यांना उठवणार, असे कानावर येते. शिवाय क्रीडासंकुल गावाबाहेर न्यायचे ठरले तर शिवारातली जमीन जाईल, अशीही भीती आहे. आई म्हणते, जिथे बसते ती जागाही जाणार आणि जिथे पिकवते तीही जाणार. मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आम्हाला काय करता येईल?
— एक विद्यार्थिनी, येळ्ळूर

उत्तर : तुमच्या आईची जागा मी पाहिली असण्याची शक्यता आहे. त्या रांगेत प्रत्येकीची जागा दोन पोत्यांएवढी असते. पहाटे उपटलेली मेथी आणि लाल भाजी ओल्या फडक्याखाली, तराजू डाव्या हाताला, सुट्ट्या पैशांचा डबा मांडीखाली. या दोन पोत्यांच्या जागेला कायद्याने नाव दिले आहे, हे आईला समजावून सांगा. पथविक्रेता कायदा २०१४ पासून लागू आहे. त्यानुसार सर्व विक्रेत्यांचे सर्वेक्षण होऊन त्यांना विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणालाही उठवता येत नाही, आणि नंतर हलवायचे झाले तरी ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. नगर पथविक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावे लागतात आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया असाव्या लागतात.

आणखी एक तरतूद फारशी कोणाला माहीत नसते. जिथे पन्नास वर्षांहून अधिक काळ विक्रेते बसत आले आहेत, असा नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, असे त्या कायद्याच्या दुसऱ्या परिशिष्टात म्हटले आहे. गणपत गल्लीतला बाजार पन्नास वर्षांपेक्षा जुना आहे, हे सांगणारी शंभर माणसे तुम्हाला एका सकाळी मिळतील. त्यांची निवेदने घ्या. जुने फोटो शोधा. लग्नाच्या वरातीच्या किंवा गणपतीच्या मिरवणुकीच्या फोटोत मागे भाजीवाल्या दिसतात. आईच्या पावत्या तारखेनुसार लावून त्यांच्या छायाप्रती काढा, कारण पावतीवरची शाई उन्हात उडते. हे काम बी.कॉम.च्या विद्यार्थिनीला कोणापेक्षाही नीट जमेल.

जमिनीविषयी : २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सरकारी-खासगी भागीदारीच्या प्रकल्पासाठी ७० टक्के आणि खासगी कंपनीसाठी ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते, आणि ओलिताखालची बहुपिकी जमीन शेवटचा उपाय म्हणूनच घ्यावी असे म्हटले आहे. परंतु कर्नाटकाने २०१९ मध्ये दुरुस्ती करून काही प्रकारच्या प्रकल्पांना सामाजिक परिणामांच्या अभ्यासातून आणि या सुपीक जमिनीच्या अटीतूनही सूट दिली. म्हणून अधिसूचना निघाली की ती कोणत्या कलमाखाली आहे, हे पहिल्याच दिवशी पाहावे लागते. हलगा-मच्छे बायपासला विरोध करताना शेतकरी रस्त्यावर उतरले आणि न्यायालयातही गेले. त्यांच्यापैकी कोणी तुमच्या नात्यात किंवा भावकीत असेल तर त्यांच्याजवळ बसा. जमिनीच्या उताऱ्यावरच्या (आरटीसी) पीक नोंदी बरोबर आहेत का ते आताच तपासा. बासमतीचे शिवार कागदावर पडीक दिसले, तर नंतर भांडायला जागा राहत नाही.

गावाबाहेरच्या सुपीक शिवारात स्टेडियम नेण्याला माझा विरोध मध्यवर्ती मैदानाइतकाच आहे, हेही इथे नोंदवून ठेवतो.

प्रश्न : आराखडे आणि नोटिसा कन्नडमध्ये येतात. आमच्या गल्लीत त्या वाचता येणारे थोडेच आहेत. मराठीत हरकत दिली तर ती घेतली जाईल का?
— एक गृहिणी, शहापूर

उत्तर : संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार, केंद्रात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत आपल्या गाऱ्हाण्याचे निवेदन कोणत्याही अधिकाऱ्याला देण्याचा हक्क प्रत्येक माणसाला आहे. त्यामुळे निवेदन मराठीत जरूर द्या आणि त्याच्या पहिल्या ओळीत या अनुच्छेदाचा उल्लेख करा. माहिती अधिकाराचे मात्र वेगळे आहे. तो अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेतच करता येतो, म्हणून तो कन्नडमध्ये लिहून घ्यावा. कर्नाटकात असा अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, शुल्क १० रुपये आहे आणि उत्तर ३० दिवसांत यायला हवे.

कन्नड लिहून देणारे माणूस शोधायला लांब जावे लागणार नाही. आपल्या प्रत्येक गल्लीत कन्नड शाळेत शिकलेली मुले आहेत आणि शेजारच्या कन्नड भाषक घरांनाही याच गटारांचा, याच धुळीचा त्रास आहे. माझ्या गल्लीतल्या वाहनतळाच्या अर्जावर आम्ही दोन्ही भाषांत सह्या घेतल्या आणि त्या मागायला दारोदार फिरलेल्या दोघींपैकी एक कन्नड भाषक होती. अर्जाच्या दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकीसमोरून हलू नका.